पत्ता ठाऊक असलेलं घर

प्रति,
श्रीमती कर्स्टी कोव्हेंट्री यांस,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती, लोझान.



मी साताऱ्याची. बत्तीस वर्षं एका माध्यमिक शाळेत खेळाची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. धावणाऱ्या मुलींना सकाळी साडेपाचला मैदानावर बोलावण्याचा परिपाठ मात्र चालू आहे. वयाने तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान, मानाने मोठ्या. आमच्याकडे अशा बाईला ताई म्हणतात, म्हणून तुम्हालाही ताईच म्हणते.

2025 च्या 20 मार्चला ग्रीसमध्ये तुमची निवड झाली. ती बातमी मी मैदानावरच्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवली. 1894 साली स्थापन झालेल्या समितीच्या अध्यक्षपदी पहिली बाई, आणि आफ्रिकेतून आलेली पहिलीच व्यक्ती. झिम्बाब्वेच्या खात्यावर ऑलिम्पिकची आठ पदकं आहेत, त्यातली सात एकट्या तुमची. हे सगळं ऐकून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांचं लग्न झालंय?" झालंय म्हटलं, दोन मुलीही आहेत. मग त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्या मैदानावर हा प्रश्न फार जड असतो. दहावी-बारावीपर्यंत जीव तोडून पळणाऱ्या मुली लग्नाचं बघायला लागले की एकेक करून यायच्या थांबतात. स्पाइक्स धाकट्या बहिणीला दिले जातात, नाहीतर माळ्यावर जातात. लग्न, मुली आणि एवढं मोठं पद हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्याच्या सहा महिने आधी अशीच एक बातमी मी घडी करून पिशवीत ठेवली होती. ती वाचून दाखवायला माझा धीर झाला नाही. तीही दोन मुलींच्या आईची होती, आफ्रिकेतल्याच खेळाडूची, ऑलिम्पिक धावून आलेल्या बाईची. तिचं नाव रिबेका चेप्टेगेई. हे पत्र तिच्यासाठी आहे.

युगांडा आणि केनिया यांच्या सीमेवर एल्गॉन नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे, 4321 मीटर उंच. सीमेची रेघ त्याच्या अंगावरून जाते. एका अंगाला युगांडातलं बुक्वो, दुसऱ्या अंगाला केनियातलं एंडेबेस. माणसं तीच, भाषा तीच, नातीगोती तीच, पासपोर्ट तेवढे दोन. 22 फेब्रुवारी 1991 ला जन्मलेल्या रिबेकाचं सगळं आयुष्य या एका डोंगराभोवती गेलं. मूळ माती बुक्वोची, आईवडिलांचं राहणं केनियाच्या बाजूला, धावणं युगांडाच्या झेंड्याखाली. युगांडाच्या सैन्यात ती सार्जंट होती. तिकडच्या पुष्कळ धावपटूंना सैन्यात किंवा पोलिसांत नोकरी मिळते. महिन्याचा पगार घरी जातो आणि सरावाला वेळ उरतो. त्या भागातल्या मुलीच्या हाती पोटापाण्याचं दुसरं काही फारसं नसतं, हेही त्याचं एक कारण आहे.

डोंगराची धाव म्हणजे काय, हे मला साताऱ्यात राहून थोडं कळतं. यवतेश्वरचा घाट आणि अजिंक्यताऱ्याची चढण ही आमची प्रयोगशाळा. चढावर दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, पण चढ माणसाला फसवत नाही. जेवढी ताकद तेवढंच वर जाता येतं. फसवतो तो उतार. उतारावर पाय आपोआप पळतात असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पावलाला मांडी ब्रेक लावत असते. शरीराचं सगळं वजन गुडघ्यावर आदळतं आणि खाली पोचेपर्यंत पाय लाकडाचे होतात. त्यातून नवखी मुलगी उतारावर घाबरते, अंग मागे टाकते आणि घसरते. उतारावर पुढे झुकायला शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

रिबेका 2022 साली थायलंडमधल्या च्यांग माईला डोंगर आणि पायवाटांवरच्या धावण्याची जागतिक स्पर्धा धावली, तिथल्या चढ-उताराच्या शर्यतीत. चढ आणि उतार दोन्ही एकाच शर्यतीत, एकाच छातीने आणि त्याच मांड्यांनी. त्यात ती पहिली आली, जगज्जेती झाली. या शर्यतीला ऑलिम्पिकमध्ये स्थान नाही, म्हणून त्या सुवर्णपदकाची चार ओळींचीही बातमी आमच्याकडे आली नाही. मी ती शर्यत पुढे कधीतरी शोधून काढून पाहिली, दोन वेळा, उताराच्या भागापाशी थांबून थांबून. पुढे झुकणं म्हणजे काय, ते आता मुलींना तोंडाने सांगत बसत नाही, ते दाखवते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अबू धाबीला ती मॅरेथॉन 2 तास 22 मिनिटे 47 सेकंदांत धावली. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. मुलींना मी हिशोब करायला लावते: दर किलोमीटरला 3 मिनिटे 23 सेकंद, असे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. माझ्या चांगल्या मुली त्या गतीने दोन किलोमीटर गेल्या तरी आडव्या पडतात. 2023 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ती चौदावी आली आणि पुढे पॅरिसला गेली.

ताई, धावण्यातून मिळणारा पैसा घरी कसा येतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण हे पत्र आमच्याकडचे लोकही वाचणार आहेत, त्यांच्यासाठी सांगते. शर्यत जिंकली की बक्षीस लगेच हातात पडत नाही. उत्तेजक चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबायचं, मग एजंटचा वाटा वजा व्हायचा, कर कापला जायचा, आणि राहिलेलं काही महिन्यांनी खात्यावर यायचं. केनियातल्या धावपटू बाईच्या आयुष्यात ते काही महिने फार महत्त्वाचे असतात. पैसा यायच्या आधी त्याच्यावर डोळा ठेवणारी माणसं येतात. कुणी कोच म्हणून येतो, कुणी मॅनेजर म्हणून, कुणी प्रेम म्हणून. पुष्कळदा तिन्ही एकच असतो.

रिबेकाने त्या पैशातून एंडेबेसजवळ जमीन घेतली आणि घर बांधलं. सरावाची केंद्रं जवळ पडावीत म्हणून ही जागा निवडली, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. मागे मुलींच्या शाळा होत्या, आईवडील होते. आम्हाला आधार देणारी लेक गेली, असं तिचे वडील नंतर म्हणाले. आधार हा शब्द आम्ही मराठीत म्हाताऱ्याच्या काठीला लावतो आणि घराच्या तुळईलाही लावतो. त्या घरात ती दोन्ही होती.

आता पॅरिस. 2024 ची ऑलिम्पिक मॅरेथॉन कुठून कुठे होती ते सांगते, कारण तो रस्ता मुद्दाम निवडलेला होता. 1789 च्या ऑक्टोबरात भाकरी महाग झाली म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या बाया चिडून व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या आणि राजाला घेऊन परत आल्या. मॅरेथॉनचा मार्ग त्यांच्या पावलांवरून आखला होता: नगरभवनापासून व्हर्सायकडे आणि परत. 11 ऑगस्टला, खेळांच्या शेवटच्या दिवशी, बायकांची मॅरेथॉन झाली. एरवी तो शेवटचा मान पुरुषांच्या मॅरेथॉनचा असे, या वेळी प्रथमच तो बायकांना दिला. रस्ता चढ-उतारांनी भरलेला होता, एकूण चढच 436 मीटरचा. सिफान हसन 2 तास 22 मिनिटे 55 सेकंदांत पहिली आली, टिगिस्ट असेफाला तिने अवघ्या तीन सेकंदांनी मागे टाकलं. ती शेवटची झुंज सगळ्या जगाने पाहिली.

रिबेका चव्वेचाळिसावी आली.

चव्वेचाळिसावीचा फोटो कोणी छापत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण खेळाची शिक्षिका म्हणून सांगते, माझा जीव नेहमी चव्वेचाळिसावीत अडकतो. पहिलीला तिथे नेणारे शंभर हात असतात. चव्वेचाळिसावी आपली कमाई, आपली शिस्त, आपलं घर सांभाळून तिथवर आलेली असते. पदक मिळणार नाही हे तिला पंचविसाव्या किलोमीटरला कळून चुकतं. त्यानंतरचे सतरा किलोमीटर ती कुणासाठी धावते? रिबेका कुणासाठी धावली ते मला ठाऊक नाही. माझ्या मुलींना विचारलं तर म्हणतात, "सोडून आलो तर घरी काय तोंड दाखवायचं?"

ती घरी गेली. पुढचं मी थोडक्यात लिहिते, कारण ते तपशील पुन्हा पुन्हा लिहिण्यात त्या लेकींचं भलं नाही. 1 सप्टेंबरला रविवार होता. ती मुलींना घेऊन चर्चमधून परतली. तिचा आधीचा जोडीदार घराच्या आवारात शिरून बसला होता, हातात पेट्रोलचा कॅन घेऊन. मुलींच्या डोळ्यांदेखत त्याने तिला पेटवलं. आईला वाचवायला धावलेल्या मुलीला त्याने लाथाडलं, असं तिकडच्या वर्तमानपत्रांत आलं. पाच सप्टेंबरला एल्डोरेटच्या रुग्णालयात रिबेका गेली. ती तेहतीस वर्षांची होती. पॅरिसमध्ये त्या दिवशी पॅरालिम्पिक चालू होतं. पेटवणाराही भाजला आणि चार दिवसांनी मेला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. भांडण कशाचं होतं, तर त्याच जमिनीचं, तिने पायांनी मिळवलेल्या पैशातून घेतलेल्या त्याच घराचं. त्याच्या त्रासाबद्दल पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या, असं तिच्या वडिलांनी सांगितलं.

हे वाचून आमच्याकडे एक-दोघे म्हणाले, "आफ्रिकेत असंच चालतं." मी त्यांना हिंगणघाटची आठवण करून दिली. वर्ध्याजवळचं गाव आहे. 3 फेब्रुवारी 2020 ला सकाळी कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकलं गेलं आणि आठवड्याने ती गेली. त्याआधीच्या पिढीत आमच्या घराघरांत स्टोव्हचा भडका उडायचा. तो फक्त सुनांच्याच अंगावर कसा उडतो, हे विचारायला आम्हाला खूप वर्षं लागली. भारताच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या दर दहा बायकांपैकी तिघींनी पंधराव्या वर्षानंतर शारीरिक मारहाण सोसल्याचं सांगितलं. केनियाच्या 2022 च्या तशाच पाहणीत हा आकडा 34 टक्के आहे. फरक एवढाच. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगात सुमारे 51,100 बायका-मुली जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसांच्या हातून मारल्या गेल्या, म्हणजे रोज 140. तेव्हा मी तुमच्या खंडाकडे बोट दाखवत नाही. एका दुखण्यातल्या दोन बायका बोलतात तशी तुमच्याशी बोलते आहे.

रिबेका पहिली नव्हती, हेही तुम्हाला माहीत आहे. अ‍ॅग्नेस टिरोपने 12 सप्टेंबर 2021 ला जर्मनीत दहा किलोमीटरच्या फक्त बायकांच्या शर्यतीत 30 मिनिटे 1 सेकंदाचा जागतिक विक्रम केला. त्याआधी टोकियो ऑलिम्पिकमध्ये 5000 मीटरला ती चौथी आली होती. 13 ऑक्टोबरला, विक्रमाला एक महिना होतो न होतो तोच, केनियातल्या इटेनमधल्या तिच्या घरात तिचा मृतदेह सापडला. वय पंचवीस. खुनाचा आरोप नवऱ्यावर ठेवला गेला. सहा महिन्यांनी, एप्रिल 2022 मध्ये, त्याच इटेनमध्ये धावपटू डमारिस मुथी मुटुआ मारली गेली. मग रिबेका. तीन वर्षांत, त्याच डोंगराळ टापूत, तिघी.

आता तुमच्याकडे काय मागायचं आहे, तिकडे येते.

तुमच्या जगातल्या वरच्या फळीच्या खेळाडूला उत्तेजक चाचणीसाठी आपला ठावठिकाणा कळवावा लागतो. हे मी एका शिबिरात ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. रोज रात्री कुठे झोपणार तो पत्ता. दिवसातला एक तास, पहाटे पाच ते रात्री अकरामधला, ज्या तासाला ती ठरल्या जागी नक्की भेटेल. तीन-तीन महिन्यांचं आधी भरून द्यायचं, बेत बदलला तर फोनवरून बदलायचं. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पहाटे बेल वाजते, दारात अधिकारी उभे असतात, आणि तेव्हापासून नमुना देईपर्यंत ती त्यांच्या नजरेआड होऊ शकत नाही. नियम कडक आहे आणि तो हवाच. लबाडी करणाऱ्यांमुळे प्रामाणिक मुलींची पदकं गेलेली मी पाहिली आहेत.

पण ताई, विचार करा. जगातल्या कुठल्याही बाईबद्दल कुठल्याही संस्थेला एवढी माहिती नसेल. ती आज कुठल्या घरात, कुठल्या दारामागे आहे, हे खेळाच्या व्यवस्थेला तंतोतंत ठाऊक असतं. त्या घरात ती सुखरूप आहे का, हे मात्र त्या दारात उभं राहून कोणी विचारत नाही. लघवीत काय सापडतं ते बघायला आपण समुद्र ओलांडून जातो. दंडावर वळ दिसला तर त्याची नोंद करायला त्या फॉर्मवर रकाना नाही.

आणि या चाचणीतच एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष वेधते. बाई नमुना देते तेव्हा समोर बाईच साक्षीदार लागते. तिथे पुरुष चालत नाही. नवरा असो, कोच असो, एजंट असो, तो बाहेरच थांबतो. दार लागतं. त्या दोन-चार मिनिटांत ज्या बाईला कुणी कधी एकटं सोडत नाही ती बाई दुसऱ्या एका बाईसोबत एकटी असते. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना हे गुपित कधीच कळलं आहे. बाळंतपणाच्या तपासणीला सासूला बाहेर थांबवून त्या हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक?" रडू फुटतं ते तिथे.

त्या बंद दारामागच्या बाईला हा एक प्रश्न विचारायला शिकवा. रात्री-अपरात्री खरोखर उचलला जाणारा एक फोन नंबर तिच्याजवळ द्या, खेळाडूच्या भाषेत बोलणारा. चाचणीवाल्यांना पोलीस करा असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर खेळाडूंचा विश्वास राहायला हवा, आणि ऐकलेलं गुप्त राहिलं नाही तर बाईचा जीव आणखी धोक्यात जाईल. म्हणून हे काम वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वहीत, फक्त तिच्या मर्जीने करायचं. नियम उत्तेजकविरोधी संस्थेचे असतात हे मला कळतं. पण त्या संस्थेच्या खर्चाचा निम्मा भार ऑलिम्पिक चळवळ उचलते, त्यामुळे तुमचा शब्द तिथे पडणार नाही असं मला वाटत नाही.

दुसरं मागणं पैशाबद्दल आहे. त्यासाठी मला माझी एक चूक सांगायला हवी.

माझ्याकडे एक मुलगी होती. माणदेशातली, उंच, काटक, पाय जमिनीला लागतात की नाही असं धावायची. एका रस्त्यावरच्या शर्यतीत ती पहिली आली. व्यासपीठावर तिच्या उंचीचा थर्माकोलचा चेक देऊन फोटो काढला: अकरा हजार रुपये फक्त. खरा चेक लहान पाकिटात होता. खाली उतरल्यावर तिच्या चुलत्याने पाकीट हातातून घेतलं, उघडून आकडा बघितला आणि शर्टाच्या खिशात घातलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. घरचा मामला म्हणून गप्प बसले. पुढची पाच वर्षं तिची बक्षिसं तशीच जात राहिली, आणि लग्नानंतर खिसा तेवढा बदलला. पुढे एकदा ती माहेरी आलेली असताना मला बाजारात भेटली. पिशवीतून बँकेचं पासबुक काढून दाखवलं, प्लास्टिकच्या वेष्टणात नीट घातलेलं. शिवणकामाचे दोनशे, तीनशे असे जमा केलेले. "बाई, हे माझ्या नावावर आहे," म्हणाली. दोनशे रुपयांची ती ओळ तिने बोटाने दाखवली तेव्हा मला त्या अकरा हजारांची शरम वाटली. तेव्हापासून मैदानावर नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात मी तिला बँकेत घेऊन जाते. बुटांचं माप नंतर घेते.

खेळाडूंना उत्तेजकांविषयी शिकवणं तुमच्याकडे सक्तीचं आहे. त्याच वर्गात, त्याच तासाला हेही शिकवा: करारावर सही करण्याआधी तो कुणाला दाखवायचा, खातं कुणाच्या नावाने, जमिनीचा कागद कसा वाचायचा, त्यावर नाव कुणाचं लागतं आणि ते कसं तपासायचं. आमच्याकडे हा प्रश्न जुना आहे. 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीला शेतात राबवता, तर सातबाऱ्यावर तिचं नाव लावा, एवढंच मागणं होतं. गावोगावी पुरुषांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमिनी केल्या. कागदावर नाव लागलं म्हणून मारहाण थांबते असं नाही. रिबेकाचं तर भांडणच जमिनीवरून होतं. पण कागद पक्का, वकील हाताशी आणि पाठीशी आपला महासंघ असेल, तर ते भांडण तिला घराच्या आवारात एकटीने लढावं लागत नाही. ऑलिम्पिक शिष्यवृत्तीत सरावाचा खर्च बसतो, प्रवासाचा बसतो. वकिलाच्या फीला तिथे जागा करा.

2026 ची युवा ऑलिम्पिक सेनेगलमध्ये, डाकारला ठरली. आफ्रिकेच्या भूमीवर होणारी ही पहिलीच ऑलिम्पिक स्पर्धा. तिच्या तयारीवर देखरेख ठेवणारी समिती तुम्हीच सांभाळत होता. तिथे पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात. प्रेम म्हणून येणारा मॅनेजर याच वयात भेटतो. यांच्यापासून सुरुवात करा.

हे सगळं करणारे हात तिथे आधीपासून आहेत, ते नव्याने शोधायला नकोत. अ‍ॅग्नेस गेल्यावर तिच्या मैत्रिणींनी रडून झाल्यावर संस्था काढली, 'टिरोप्स एंजल्स'. त्यात व्हायोला चेप्टूसारख्या धावपटू आहेत. व्हायोला त्याच वर्षी न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये दुसरी आली. स्वतः सराव करायचा, स्वतः शर्यती धावायच्या, आणि मधल्या वेळात मारहाण सोसणाऱ्या मुलींना ऐकून घ्यायचं, आसरा द्यायचा. धावपटू बायांनी आपल्या मेलेल्या मैत्रिणीच्या नावाने हे ओझं उचललं आहे. चोवीस तासांत सराव, झोप, संसार आणि हे सगळं कसं बसतं, ते त्यांनाच माहीत. त्यांच्या पाठीवरचं थोडं वजन लोझानने घ्यावं.

14 सप्टेंबर 2024 ला रिबेकाला बुक्वोत मूठमाती दिली. सैनिक होती म्हणून बंदुकांची सलामी झाली. डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसं आली होती. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर अ‍ॅन इडाल्गो यांनी शहरातल्या एका क्रीडास्थळाला तिचं नाव देण्याचं जाहीर केलं. ज्या शहरात ती चव्वेचाळिसावी आली त्या शहरात तिचं नाव राहणार, याचं मला मनापासून बरं वाटलं. पॅरिसच्या क्रीडाग्रामात त्या वर्षी पहिल्यांदाच खेळाडू आयांसाठी पाळणाघर उघडलं होतं. तेही माझ्या मुलींना मी आवर्जून सांगितलं होतं. आई झाल्यावरही धावता येतं, हे जगाला आता पटलेलं दिसतं.

शेवटी एक साधी विचारपूस करते. जिची आई तुमचे पाच गोल असलेला बिल्ला छातीवर लावून व्हर्सायचा चढ चढली, अशा दोन मुली एल्गॉनच्या पायथ्याशी आहेत. त्या दिवशी एक नऊ वर्षांची होती, एक अकरा, असं वाचलं. तुमच्याही दोघी आहेत, म्हणून तुम्हालाच विचारते. त्या आता कुणाजवळ असतात, रात्री झोपेतून दचकून उठतात तेव्हा जवळ कोण असतं, ते घर शेवटी कुणाच्या नावावर झालं, यंदाची शाळेची फी कोणी भरली? तुमच्या कार्यालयात हे कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. पिशवीतली ती बातमी मला अजून मुलींना वाचून दाखवायची आहे, आणि ऐकून झाल्यावर त्या हेच विचारणार आहेत.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
सातारा